सकाळचा रेडिओ

अंगणात सरकारी डिशची छत्री लागली, टीव्हीवर रेडिओही ऐकू येतो हे कळलं, आणि मनसारामला तलावावर मासे धरायला जाणं जिवावर यायला लागलं. रोज सकाळी जुन्या गाण्यांच्या वेळी तो टीव्हीसमोर बसकण मारायचा आणि नेमका तेव्हाच रेडिओ मुका व्हायचा.

"वरतं आभाळातलं यंत्र गरम व्हाले टाइम लागते जी," त्याची बायको कुंता म्हणायची. "तुमी तलावावर जाऊन या, तवरी होते."

मग कुंतानं पहाटेच धुऊन छत्रीवर वाळत टाकलेलं जाळं खांद्यावर घेऊन तो सरकारला शिव्या देत निघायचा. दुपारी परत यावं तर रेडिओ खणखणीत. गाणी तेवढी संपलेली.

एकदा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी विसरली म्हणून तो अर्ध्या वाटेवरून फिरला. घरात गाणं ऐन रंगात आलेलं, आणि कुंता पाय पसरून, मान डोलवत तांदूळ निवडत होती.

"काऊन वं, आता कसा लागला?"

कुंतानं आवाज जरासुद्धा कमी केला नाही.

"ओलं जाळं छत्रीवर असलं का कुठी लागते तो? अन् ते त रोज तुमीच काढून नेता ना जी!"