चित्राच्या पोटातल्या नोंदी

पडद्यावर बाळकृष्णाचा नुसता हात उमटला, लोण्याच्या गोळ्यासकट, आणि शेषाद्रीची बोटं कळफलकावर थिजली. हिरव्या खड्यांच्या कंकणात एकच खडा तांबडा होता. तो त्याने झोपेतही ओळखला असता. लहानपणी त्यानेच तिथला हिरवा खडा उपटला होता, आणि वडिलांचा, अप्पांचा, मार चुकावा म्हणून कनकअक्काने आपल्या मोडक्या कुडीतला तांबडा काढून चिकटवला होता.

चार वर्षांपूर्वी घरातून नाहीसं झालेलं, खडे जडवलेलं चित्र! आणि आलं कुठून, तर मद्रासच्या एका कलादालनाकडून, तेही तक्रारीला जोडून.

शेषाद्रीने 'सी' भाषेत एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमना आयती वापरता येईल अशी कामांची जुडी. ती चित्राच्या फाइलच्या पोटातच मजकूर ठेवायची. चित्र कुणाचं, कुठून आलं, कधी आलं. चित्र कापा, लहान करा, मजकूर हलायचा नाही. नवी नोंद जुनीच्या मागे बसायची, आणि जुनी पुसायची सोयच त्याने ठेवली नव्हती. कलादालनवाल्यांचं म्हणणं असं, की जुन्या नोंदी गायब होतात, शेवटची तेवढी दिसते. नमुना म्हणून त्यांनी हा कापलेला हात धाडला होता.

न पुसण्याचा हा हट्ट त्याने उगीच नव्हता धरला. ते चित्र वर्षभर कोठीतल्या पेटीत असायचं, गोकुळाष्टमीलाच बाहेर यायचं. पंच्याण्णव साली पेटी उघडली तर आत नुसतं गुंडाळायचं धोतर. किल्ल्या दोनच. एक अप्पांच्या जानव्याला, दुसरी कनकअक्काच्या कनवटीला. अक्का म्हणजे अप्पांची लांबची चुलतबहीण, नवऱ्याने टाकलेली. शेषाद्रीची आई गेल्यावर त्याला वाढवला तो तिनेच.

बाळकृष्णराव, म्हणजे अप्पा, चारचौघांदेखत आवाज न चढवता एवढंच म्हणाले होते, "माझी किल्ली माझ्या जानव्याला आहे, बाबा." बस्स! शहाण्याला शब्दाचा मार. दुसऱ्या दिवशी अक्का पत्र्याची ट्रंक घेऊन तिरुवैयारुच्या बसमध्ये बसली. आता ती तिथल्या एका गाण्याच्या मास्तरांकडे स्वयंपाक करत होती. आणि आपला हा शूरवीर शेषाद्री? मूग गिळून बसला. अक्काने घेतलं नाही, असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, कारण त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती. तेव्हापासून त्याने मनाशी धरलं होतं, वस्तू कुणाच्या हातून कुठे गेली हे वस्तूनेच सांगितलं पाहिजे.

आज ती सांगणार होती. विकणाऱ्याचं नाव त्या फाइलच्या पोटात होतं.

त्याने आपला कोड उघडला. चूक सापडली आणि त्याने कपाळावर हात मारला. वाचताना तो प्रत्येक नोंद त्याच एका जागेत भरत होता, त्यामुळे शेवटची तेवढी उरायची. आधीच्या साऱ्या फाइलमध्ये सुखरूप होत्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्याने चार ओळी बदलल्या. चालवण्याआधी त्याची नजर मॉनिटरच्या माथ्यावर गेली. तिथे कुंकवाचं बोट होतं. फंडातले पैसे उचलले म्हणत अप्पांनी हा कॉम्प्युटर आणला, तेव्हा अक्कानेच त्याला ओवाळलं होतं. "ऐयो, हा डबा माझ्या शेषूला अन्न घालणार," म्हणाली होती.

"अक्का, तू नसलीस म्हणजे झालं गं," तो पुटपुटला आणि बटण दाबलं.

तीन नोंदी उमटल्या. शेवटची, चित्र कापल्याची. मधली, छपाईला दिल्याची. आणि पहिली, कलादालनाच्या जुन्या वहीवरून भरलेली, 'विकणारे बाळकृष्णराव, तंजावूर. स्वतः आणून दिले. वडिलोपार्जित. ९ जून १९९५.'

त्याने पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर बोंबललासुद्धा नव्हता. जानव्याची किल्ली दाखवून, गरीब बाईच्या कपाळी चोरीचा शिक्का मारून, शांतपणे जेवायला बसला होता. आणि हा चोर म्हणजे आपला बाप! त्याच्या एका शब्दावर आपण आईसारख्या बाईवर संशय घेतला. शेषाद्रीला रडू आवरेना.

अप्पा कॉफीचा पेला घेऊन आत आले. "कां रे, तोंड असं कां केलंस?" त्यांनी चष्मा चढवला, वाकून पडद्यावरचं वाचलं. पेला टेबलावर ठेवताना थोडी कॉफी सांडली.

"पुसून टाक ती ओळ," ते म्हणाले.

"पुसता येत नाही, अप्पा. तसंच बांधलंय मी." शेषाद्रीचा आवाज फाटला. "चार वर्षं अक्का दुसऱ्याच्या चुलीपाशी उभी आहे. कसं हो धजावलं तुम्हाला? काय कमी पडलं होतं या घरात?"

अप्पांनी पंच्याच्या टोकाने सांडलेली कॉफी टिपली. कळफलकापर्यंत ओघळ जाऊ नये, याची काळजी घेत टिपली.

"जोडता तरी येतं ना? मग खाली आणखी एक ओळ जोड," ते म्हणाले. "ज्या यंत्रावर हे वाचलंस, ते त्या तारखेनंतर तीन दिवसांनी कुठल्या पैशातनं घरात आलं, तेही लिही."