आपण सुरक्षित आहात

चंद्रपूरच्या हायवेवर पारा अठ्ठेचाळीसवर होता. एसीच्या कॉम्प्रेसरमधून करंट गळतोय हे इलेक्ट्रिक गाडीनं ओळखलं, एसी बंद केला आणि उतरताना कुणाला शॉक बसू नये म्हणून दारं लॉक केली.

"आपण सुरक्षित आहात. मदत दोन तासांत येईल."

आत इंजिनिअर सबनीस आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी रेवा अडकली होती. बाहेरून हायवेवरच्या गॅरेजातली मेकॅनिक पंचफुलाबाई पान्यानं काच ठोकत होती. काच फुटेना.

"आतून उघडाचं बटन कुठं हाय, साहेब?"

"ठेवलंच नाही."

"कोन्या गाढवानं बनवली जी हे?"

"मी." पुण्यातल्या थंडगार लॅबमध्ये पाच मिनिटं गाडीत बसून त्यांनीच मंजुरीची सही ठोकली होती.

मागं रेवा आता पाणीही मागत नव्हती.

"आपण सुरक्षित आहात," गाडी म्हणाली.