बिनचूक

पोरीचा पहिल्या नोकरीसाठीचा इंटरव्ह्यू संपला आणि ती पांढरीफटक होऊन खोलीबाहेर आली. दिलेला प्रोग्रॅम तिनं कॅमेऱ्यासमोर एका दमात लिहिला होता.

“मग अडलं कुठं?” मी विचारलं.

“तो म्हणाला, एकही चूक नाही, म्हणजे एआयकडून लिहून घेतलंत. मी म्हटलं, दुसरा द्या, तुमच्यासमोर लिहून दाखवते. त्यानं कॉलच कापला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्खं आयुष्य मी शाळेत गणित शिकवलं. साधा हातचा विसरला तरी परक्यांच्या पोरांना कधी सोडलं नाही, हिला तर नाहीच नाही. रडतरखडत का होईना, ही बिनचूक करायला शिकली ती माझ्या धाकानं.

आज ती परत टेबलाशी बसली, मी समोर. उद्या दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू. तिनं प्रोग्रॅम लिहिला, चालवला. पहिल्या फटक्यात चालला. ती ओशाळून माझ्याकडे बघायला लागली.

मी टेबलावर हात आपटला.

“परत बरोबर आलं. लक्ष कुठंय तुझं? पुसून टाक सगळं, आणि या वेळी नीट चुकून दाखव.”