सातवीचा अभ्यास

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत शर्मिलाने तो उचलला.

"आई, मी संघप्रिया." जसं काही रविवारी या वेळेला दुसऱ्या कुणाचा फोन येत होता.

"बोल माय. जेवलीस?"

"हो."

"खोकला गेला?"

"गेला."

गेल्या जूनमध्ये लेकीचा दूरच्या निवासी शाळेत नंबर लागला, तेव्हा शर्मिलाने कामोठ्यातल्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. आठवड्याला दहाच मिनिटं बोलायला मिळेल, तेही वॉर्डनबाईंच्या फोनवर, मागे मुलींची रांग असताना, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. नवरा, भगवान, कळंबोलीहून ट्रेलर घेऊन निघाला की आठ-आठ दिवस बाहेर. आणि सुरुवातीला तर त्या दहातली दोन मिनिटंही भरत नसत. झोप लागते? हो. मग नुसता श्वास ऐकू यायचा आणि पोरगी म्हणायची, "ठेवू?"

जुलैत शर्मिलाने रद्दीच्या दुकानातून सातवीची पुस्तकं आणली. तिची स्वतःची शाळा सहावीतच सुटलेली. दुपारी भांडी आवरली की ती बाल्कनीच्या दारात बसायची आणि ओळीवर बोट ठेवून, पुटपुटत एकेक धडा वाचायची. रविवारी मात्र काहीच ठाऊक नसल्यासारखं विचारायची, "चुंबक कापला तर काय होतं गं?" की लेक सांगत सुटायची. कापला तरी दोन्ही तुकड्यांना उत्तर-दक्षिण असतंच, आई. परीघ असा काढायचा, आई. अष्टप्रधानांत कोण कोण होतं, सांगू? शर्मिला मधे मधे "अगं बया", "असं होय" म्हणत राहायची.

आज भूगोल होता. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली.

"समुद्राचं पाणी चढतं-उतरतं, ते कशानं गं?"

"सोपंय. चंद्र ओढतो. सूर्यपण ओढतो. अमावास्येला दोघं एका रेषेत येतात, म्हणून तेव्हाची भरती सगळ्यात लहान. तिला म्हणतात भांगाची..."

"लहान नाही, मोठी. ती उधाणाची. भांगाची अष्टमीला असते."

तोंडातून निघून गेलं. पलीकडे कुठेतरी बादली घासल्याचा आवाज आला.

"आई, तुला कसं माहीत?"

"असंच. इकडे खाडीजवळचे लोक बोलतात ना."

"आई."

शर्मिलाने मांडीवरचं पुस्तक मिटलं. "मी वाचते," ती म्हणाली. "सातवीची पुस्तकं. रद्दीतून आणलीत."

"सगळी वाचलीस?"

"इंग्रजी सोडून."

"म्हणजे तुला सगळं येत होतं? तरी विचारायचीस?"

आता ही चिडणार, शर्मिलाला वाटलं. पुढच्या रविवारपासून परत नुसतं हो आणि नाही. खोटं बोलायला काही सुचेना.

"तेवढाच तुझा आवाज ऐकू यायचा," ती म्हणाली.

मग मागच्या मुलींना ऐकू जाऊ नये असं, अगदी हळू, संघप्रिया म्हणाली, "मी पण शनिवारी पाठ करून ठेवते. तुला सांगायला. बाकी मी इथं कुणाशी बोलत नाही."

शर्मिला उठून उभी राहिली. "कुणाशीच? वर्षभर?"

"सगळ्या इंग्रजीत बोलतात गं. मी बोलले की हसतात. म्हणून मी गप्पच बसते." मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी इंग्रजीतलं विचार ना."

"विचारते."

"चला, पुढची!" वॉर्डनबाईंचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

इंग्रजीचं पुस्तक ढिगात सगळ्यात खाली होतं. शर्मिलाला एबीसीडी येत होती, दुकानांच्या पाट्या ती वाचायची. पहिल्या धड्याची पहिली ओळ तिने धरली. चौथ्या शब्दाला अडली. परत मागे जाऊन सुरुवात केली, परत तिथेच अडली. भगवानला फोन लावला तर तो रेंजमध्ये नव्हता.

पुस्तक घेऊन ती तशीच बाहेर आली आणि समोरच्या दाराची बेल दाबली.

समोर मैनाताई राहायच्या. मूळच्या इथल्याच, जुन्या गावातल्या. मुलगा-सून वेगळे राहायला गेल्यापासून घरात एकट्याच. तीन वर्षांत दोघींमध्ये पाणी आलं का आणि कचरेवाला येऊन गेला का, यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

दार उघडलं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता आणि त्याच्यासमोर कुणीच नव्हतं.

"काय गो? पानी गेला?"

"नाही ताई." शर्मिलाने पुस्तक पुढे केलं आणि शब्दावर बोट ठेवलं. "हा एवढा शब्द वाचता येतो का तुम्हाला?"

मैनाताईंनी पुस्तक हातात घेतलं. लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं.

"मना कुठं येतंय इंग्रजी! मी चौथी शिकलेली हाय."

पण पुस्तक काही त्यांनी परत दिलं नाही.

"तू उभी का ऱ्हायलीस? ये, बस," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी टीव्ही बंद केला.