आजोबांची लबाडी

विस्मरणावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. आजही शब्द आठवले नसते, तर आजोबांचं औषध बंद होणार होतं. पण डॉक्टरांनी सांगितलेले पाचही शब्द त्यांनी अर्ध्या तासानंतर घडाघडा म्हणून दाखवले.

"पैकीच्या पैकी!" डॉक्टर म्हणाले.

आजींना राहवेना. "मार्क कापा, डॉक्टर. लबाडी आहे ही. मागच्या महिन्यातलेच शब्द विचारलेत तुम्ही. तेव्हा इथे यांची दातखीळ बसली आणि घरी जाताना सगळे आठवले. तेव्हापासून रोज घोकतायत."

"कागदावर लिहून ठेवले होते?"

"कागद कुठला! तोंडीच."

"महिनाभर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आजी आजोबांकडे बघतच राहिल्या.

आजोबा खुर्चीत सावरून बसले. "आता नवे सांगा, डॉक्टर. हे पाठ झाले."