अमेयची डबी

दिवाळीत अमेयनं जबलपूरच्या खमरियातल्या घरच्या क्वार्टरमध्ये तळहाताएवढी कॉम्प्युटरची डबी बसवली आणि तिच्यावर घरचं स्वतःचं सर्च इंजिन सुरू करून दिलं. "आई, आता तुम्ही नेटवर काय शोधता ते कोण्या कंपनीला कळणार नाही. मलाही नाही," तो ऐटीत म्हणाला. वसुधाताईंनी "अच्छा" म्हटलं आणि कढईतल्या चकल्या उलटल्या.

पुण्याला परतल्यावर त्याला मोबाइलवर एवढंच दिसायचं, की डबी चालू आहे आणि किती तापली आहे. सुरुवातीला ती जेमतेम कोमट असायची. म्हणजे घरी कोणी वापरतच नाही, म्हणून बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. पण जबलपुरात थंडी पडली आणि डबी रोज रात्री चांगलीच तापायला लागली. त्याला काय आनंद झाला! साठीतली आपली आई रोज जेवणं उरकून काय काय शोधत बसते, हे त्यानं ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं.

संक्रांतीला तो घरी आला तो हातात एक छोटासा पंखा घेऊनच.

"आई, तू इतकी वापरून राहिली, म्हणून खास आणला. हा बसवला की डबी अजिबात तापणार नाही."

वसुधाताईंचा चेहराच पडला.



"पंखा नको रे लावू," डबीवरच्या शालीखालून दह्याचं पातेलं काढत त्या म्हणाल्या, "या थंडीत विरजण फक्त हिच्यावरच लागून राहिलं."