सहाचं आमेन

शांताबाईंनी हात वर केला तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली.

"ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, आपला लेंट, निम्मा सरला," पाळकसाहेब उपदेशाच्या शेवटी म्हणाले होते. "सकाळी डोळे उघडले की तुमचा हात आधी कुठे जातो? पवित्र शास्त्राकडे की मोबाइलकडे? उद्यापासून ईस्टरपर्यंत मोबाइल कोण बंद ठेवेल?" मुलुंडच्या त्या भरल्या मंडळीत एकच हात वर होता, तोही सत्तरी ओलांडलेला.

"काकू, तुम्ही?" बाहेर पडताना माधुरी म्हणाली. ती त्यांच्या शेजारच्या दारात राहायची. "वचन पाठवल्याशिवाय चहा घेत नाही तुम्ही. राहाल कशा?"

"राहीन गं."

"आणि शौनक? त्याचं आमेन?"

शांताबाईंनी पायऱ्या उतरायला घेतल्या.

शौनक त्यांचा एकुलता एक मुलगा, टोरांटोला स्थायिक झालेला. रोज पहाटे त्या शास्त्र उघडत, एक वचन निवडत आणि चष्मा सावरत एका बोटाने लिहून त्याला पाठवत. सहाच्या ठोक्याला त्याचं उत्तर येई. वचनाचं कौतुक आणि शेवटी आमेन. तिकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ. ताटावरून उठून आईला आमेन लिहितो, असं त्या सगळ्यांना सांगत. फोन मात्र तो क्वचितच करी. कामं असतात.

उत्तर येईपर्यंत मोबाइल मांडीवर असे. अलीकडे प्रार्थनेतही त्यांचा एक डोळा त्या काचेवर असायचा. लहानपणी राहुरीला वडील कंदील बारीक करून प्रार्थना घेत, तेव्हा अंगणात कुत्रं भुंकलं तरी कुणी डोळा उघडत नसे. ती मुलगी कुठे गेली, हे त्यांना कळेना. म्हणून हात वर गेला होता. पण हे अर्धंच कारण.

उरलेलं अर्धं आतल्या खोलीत होतं. साकीनाक्याच्या कारखान्यात हयात घालवलेले त्यांचे यजमान अंबादास आता छताकडे बघत पडून असत. किडन्या थकल्या आहेत, उन्हाळा निघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अंबादासनी एकच मागितलं होतं, "शांता, पोराला एकदा बोलव."

शांताबाईंनी देवाशी मनातल्या मनात ठरवलं. माझं सगळ्यात लाडकं मी सोडते, तू माझा मुलगा आण.

सोमवारी पहाटे त्यांनी वचनाऐवजी निरोप लिहिला. बाबा आता थोड्या दिवसांचे. ईस्टरला ये. माझा मोबाइल आजपासून बंद आहे, माधुरीच्या नंबरवर फोन कर. खाली तिचा नंबर घातला. सहा वाजायच्या आत मोबाइल बंद करून त्यांनी पिठाच्या डब्यामागे सारला. उत्तराची वाट बघायची नाही, हाच तर उपवास होता.

सुरुवातीला शास्त्र वाचताना त्यांचा अंगठा पानावर उगाच वर सरकत राही. मग तेही थांबलं. त्यानंतर कशाचंच काही वाटेना. त्या प्रार्थनेला बसत, शब्द म्हणत, उठत, अंबादासचं अंग पुसत. आमटीत मीठ घालायचं राहिलं तरी दोघांनाही समजत नसे.

माधुरी दारातूनच मान हलवी. "नाही आला हो फोन."

एकदा तिने आपला मोबाइलच पुढे केला. "लावा ना, काकू. देव काय रागावतोय?"

"नको. ज्याच्यावर सोपवलंय त्याला करू दे."

"धन्य आहात! आमचा केतन बघा. घरात असून त्या डबड्यातून मान वर काढत नाही. तुमचा निदान तिकडून..."

अंबादास आधी विचारत, "आला का?" नंतर नुसतं दाराकडे बघत.

ईस्टर उजाडला. सूर्योदयाची उपासना आटोपून शांताबाई घरी आल्या, तेव्हा घरात अंबादासखेरीज कुणी नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला, पीठ पुसलं, चार्जरला लावून चालू केला आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

काच उजळली. शौनकचे निरोप धडाधड येऊ लागले. एकाखाली एक, रोज सहाचे. एकही सकाळ चुकली नव्हती. प्रत्येकाच्या शेवटी तेच आमेन. शांताबाईंचे डोळे भरून आले. बाकीचं त्यांना नीट दिसेना. इतक्या दिवसांनी छातीत काहीतरी हललं.

"अहो, ऐकलंत? माझ्याकडून काही जात नव्हतं, तरी पोरगं रोज लिहीत होतं!"

अंबादासनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "माझं कळवलं होतंस ना? त्यावर काय म्हणतोय? कधी येतोय?"

"थांबा, बघते."

त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला. बोटाने सगळं मागे सरकवत त्या सोमवारच्या आपल्या निरोपापाशी पोचल्या. बाबा आता थोड्या दिवसांचे. ईस्टरला ये. त्याच्या लगेच खाली शौनकचं उत्तर होतं, सहाच्या ठोक्याला आलेलं. खालच्या सगळ्या निरोपांतही अक्षर न अक्षर तेच.

"वाच की, शांता."

"किती सुंदर वचन, आई. आमेन."